स्पार्टाकसचा उठाव आणि त्याचे प्रेक्षक : रोमन आखाड्यापासून दूरचित्रवाणी मालिकेपर्यंत

प्रस्तावना :

इ.स.पू. ७३ मध्ये दक्षिण इटलीतील कापुआ येथील एका तालमीतून सत्तरच्या आसपास ग्लॅडिएटर निसटले. स्वयंपाकघरातील सुरे आणि मांस भाजण्याच्या सळया एवढीच शस्त्रे प्रारंभी त्यांच्या हाती होती. थ्रेस प्रांतातील स्पार्टाकस आणि गॉल वंशाचे क्रिक्सस व ओनोमाउस हे त्यांचे नायक होते. पुढील दोन वर्षांत हजारो गुलाम, गुराखी आणि शेतमजूर त्यांना येऊन मिळाले व रोमच्या एकामागून एक सेना पराभूत झाल्या. इ.स.पू. ७१ मध्ये मार्कस लिसिनियस क्रॅससने हा उठाव चिरडला. इतिहासात तो 'तिसरे गुलाम युद्ध' या नावाने ओळखला जातो.

याच उठावावर आधारलेली 'स्पार्टाकस' ही मालिका अमेरिकेतील स्टार्झ या सशुल्क वाहिनीवरून २०१० ते २०१३ या काळात प्रसारित झाली. 'ब्लड अँड सँड', 'गॉड्स ऑफ द अरीना', 'व्हेन्जन्स' आणि 'वॉर ऑफ द डॅम्ड' अशा चार पर्वांत तिचे ३९ भाग झाले. रक्तपाताचे अतिरंजित चित्रण हे तिचे ठळक वैशिष्ट्य होते. तरीही तिला निष्ठावान चाहतावर्ग लाभला. ज्या हिंसेचा मनोरंजन म्हणून उपभोग घेतला जातो, तिच्याविरुद्धच उठलेल्या माणसांची बाजू हा प्रेक्षक घेतो. ही विसंगती केवळ आधुनिक अभिरुचीची आहे, की तिची मुळे रोमन आखाड्यातच सापडतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. स्पार्टाकसचे चरित्र वारंवार लिहिले गेले आहे. त्या मानाने त्याच्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांचा इतिहास दुर्लक्षित राहिला आहे.

ऐतिहासिक साधनांचे स्वरूप :

स्पार्टाकसविषयीची प्रमुख साधने म्हणजे प्लुटार्कने लिहिलेले क्रॅससचे चरित्र आणि अ‍ॅपियनचा रोमन यादवी युद्धांचा इतिहास. दोघेही ग्रीक भाषेत लिहिणारे व उठावानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लेखन करणारे होते. उठावाच्या पिढीतील सॅलस्टच्या इतिहासाचे केवळ तुकडे उपलब्ध आहेत. लिव्हीच्या संबंधित ग्रंथांचे फक्त सारांश उरले आहेत. फ्लोरसचा वृत्तान्त संक्षिप्त असून त्यात तिरस्कार ओतप्रोत भरलेला आहे. बंडखोरांपैकी एकाही व्यक्तीचा शब्द शिल्लक नाही. जे काही कळते ते सर्व विजेत्यांच्या परंपरेतून आलेले आहे.

या साधनांत एकवाक्यताही नाही. प्लुटार्क निसटलेल्यांची संख्या ७८ देतो, तर अ‍ॅपियन सुमारे ७० म्हणतो. प्लुटार्क स्पार्टाकसच्या धैर्याची, बुद्धीची आणि सौम्यतेची प्रशंसा करतो. तो थ्रेसियनपेक्षा ग्रीक वाटावा असा होता, असे मोठेपणही त्याला बहाल करतो. त्याच्याच टोळीतील, भविष्य सांगणाऱ्या पत्नीचा उल्लेख प्लुटार्क करतो, पण तिचे नाव देत नाही. दुसरीकडे सिसेरोने मार्क अँटनीवर टीका करताना 'स्पार्टाकस' हे नाव शिवीसारखे वापरले. एकाच माणसाविषयी आदर आणि घृणा या दोन भावना रोमन जगातच शेजारी शेजारी नांदत होत्या, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

रोमन प्रेक्षक व ग्लॅडिएटर :

रोममधील ग्लॅडिएटरांची पहिली ज्ञात लढत इ.स.पू. २६४ मध्ये झाली. ज्युनियस ब्रूटस पेरा याच्या अंत्यविधीप्रसंगी त्याच्या मुलांनी तीन जोड्या लढविल्या. मृतात्म्याला वाहिलेला हा विधी पुढील दोन शतकांत सार्वजनिक मनोरंजनाचे व राजकीय लोकप्रियतेचे साधन बनला. पॉम्पेई येथील दगडी अ‍ॅम्फिथिएटर इ.स.पू. ७० च्या सुमाराचे आहे. ज्या व्हेसुव्हियस पर्वतावर बंडखोरांनी पहिला तळ ठोकला त्याच्याच पायथ्याशी, उठाव शमल्यानंतर लगेचच्या काळात, प्रेक्षकांसाठी कायमस्वरूपी दगडी बैठका उभ्या राहिल्या.

या बैठकांवर बसणाऱ्यांचे काही बोल मात्र टिकून आहेत. पॉम्पेईच्या भिंतींवर कोरलेल्या मजकुरांत सेलॅडस नावाच्या थ्रेसियन पद्धतीच्या ग्लॅडिएटरचा उल्लेख तरुणींच्या हृदयाचा ठाव घेणारा म्हणून येतो. अन्यत्र लढतींचे निकाल नोंदविलेले आढळतात. मार्कस अ‍ॅटिलियस नावाच्या नवख्याने चौदा लढतींचा अनुभव असलेल्या हिलारसला हरविले आणि हिलारसला जीवदान मिळाले, अशी एक नोंद चित्रासह आहे. प्रशिक्षित ग्लॅडिएटर ही मालकाची महागडी मालमत्ता असल्याने प्रत्येक लढत मृत्यूनेच संपत नसे. इफेसस येथील ग्लॅडिएटरांच्या दफनभूमीत सापडलेल्या अस्थींवर भरून आलेल्या जखमांच्या खुणा आहेत. त्यावरून त्यांच्यावर वैद्यकीय उपचार होत असल्याचे दिसते. प्रेक्षकाला कोण जिंकले एवढेच नव्हे, तर कोण कसे लढले याचीही जाण होती.

या जाणकारीतूनच गट पडले. लहान ढालीचे आणि मोठ्या ढालीचे असे पक्ष रोमन प्रेक्षकांत होते. आपण यांपैकी कोणत्याही पक्षाचे झालो नाही, याचे श्रेय सम्राट मार्कस ऑरेलियसने आपल्या बालपणीच्या शिक्षकाला दिले आहे. इ.स. ५९ मध्ये पॉम्पेईच्या अ‍ॅम्फिथिएटरमध्ये स्थानिक प्रेक्षक व शेजारच्या न्यूसेरिया गावाचे लोक यांच्यात टोमण्यांवरून दगडफेक व पुढे शस्त्रांची मारामारी झाली. अनेक जण ठार झाले. सिनेटने पॉम्पेईतील असे खेळ दहा वर्षांसाठी बंद केले. टॅसिटसने ही घटना नोंदविली आहे, आणि पॉम्पेईतील एका घराच्या भिंतीवर तिचे चित्रही सापडले आहे.

इतक्या प्रेमाचा विषय असलेला हा ग्लॅडिएटर कायद्याच्या दृष्टीने मात्र कलंकित होता. त्याला प्रतिष्ठित नागरिकाचे अधिकार नव्हते. ज्यांच्यावर लोक जीव ओवाळून टाकतात त्यांनाच ते अप्रतिष्ठेची शिक्षा देतात, ही विसंगती ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने इ.स. २०० च्या सुमारास नेमकी टिपली. रोमन व्यवस्थेचे रहस्य या विभागणीत होते. लढवय्याच्या शरीरावर व कौशल्यावर मनसोक्त प्रेम करावे. त्याच्या इच्छेचा विचार मात्र मनात येऊ देऊ नये.

प्रेक्षकाच्या मनावर या दृश्यांचा परिणाम काय होतो, याचाही विचार रोमन जगात झाला होता. सेनेकाने दुपारच्या वेळी चालणाऱ्या कत्तली पाहिल्यावर आपण अधिक क्रूर होऊन परततो असे लिहिले. ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रपर ग्रंथात अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. मित्रांनी बळेच नेल्यामुळे अलिपियस डोळे मिटून बसला. गर्दीच्या आरोळीने कुतूहल चाळवले, डोळे उघडले, आणि रक्त पाहताच त्याची नजर तेथेच खिळली. परतताना तो इतरांना घेऊन येणारा प्रेक्षक झाला होता. आपण या गर्दीतले नाही असे मानणाऱ्या माणसाचाच हा पराभव आहे.

उठाव आणि उलटलेले आसन :

स्पार्टाकसच्या उठावाने ही विभागणी मोडली. लढणारे शरीर स्वतःच्या इच्छेने बोलू लागले. या दृष्टीने उठावातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. इ.स.पू. ७२ मध्ये गार्गानस पर्वताजवळ क्रिक्सस मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ स्पार्टाकसने ३०० रोमन कैद्यांचा बळी दिला, असे अ‍ॅपियन म्हणतो. बंडखोरांनी आपल्या मृत नायकांच्या चितेभोवती रोमन कैद्यांना ग्लॅडिएटरांप्रमाणे लढावयास लावले, असे फ्लोरस नोंदवितो. ग्लॅडिएटरने खेळांचा यजमान होऊन आपली पूर्वीची अप्रतिष्ठा धुऊन काढली, असा अर्थही तो लावतो. बैठकीवरचा माणूस वाळूत उतरला आणि वाळूतला माणूस बैठकीवर जाऊन बसला. रोमन वाचकाला यात वाटलेली भीती सहज समजण्यासारखी आहे. मात्र बंडखोरांनी आखाडा नष्ट केला नाही. काही काळ त्यातील जागा बदलल्या, ही बाबही दृष्टीआड करता येत नाही.

उठावाचा शेवट सर्वज्ञात आहे. अंतिम लढाईपूर्वी स्पार्टाकसने आपला घोडा मारला. जिंकलो तर शत्रूचे घोडे पुष्कळ मिळतील, हरलो तर घोड्याची गरजच उरणार नाही, असे कारण त्याने दिल्याचे प्लुटार्क सांगतो. त्याचा मृतदेह सापडला नाही. पकडलेल्या ६,००० बंडखोरांना कापुआ ते रोम या अ‍ॅपियन मार्गावर क्रुसावर चढविण्यात आले. क्रुसांची ही रांगदेखील एक जाहीर प्रदर्शन होते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण त्याचा प्रेक्षक होता.

या धास्तीचे पडसाद पुढेही उमटले. इ.स.पू. ६५ मध्ये ज्युलियस सीझरने मोठ्या संख्येने ग्लॅडिएटर जमविले तेव्हा घाबरलेल्या विरोधकांनी संख्येवर मर्यादा घालणारा ठराव केला. तरीही ३२० जोड्या लढल्या. रोमने स्पार्टाकसपासून सावधगिरी तेवढी शिकली. खेळ मात्र चालूच राहिले, आणि इ.स. ८० मध्ये कोलोसियम उघडले.

रंगभूमी आणि चित्रपट :

आधुनिक काळात स्पार्टाकस स्वातंत्र्याचे प्रतीक झाला. १७६० मध्ये सोरँ या नाटककाराची शोकांतिका पॅरिसमध्ये रंगली. कार्ल मार्क्सने १८६१ मध्ये एंगल्सला लिहिलेल्या पत्रात अ‍ॅपियन वाचत असल्याचे सांगून स्पार्टाकसचा गौरव केला. पुढे रोझा लक्झेंबर्ग व कार्ल लीबक्नेख्ट यांच्या जर्मन क्रांतिकारी गटाने हेच नाव धारण केले.

प्रेक्षकांच्या संदर्भात मात्र १८३१ मधील अमेरिकन उदाहरण अधिक बोलके आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय गुलामांचा उठाव झाला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर रॉबर्ट माँटगोमेरी बर्ड यांचे 'द ग्लॅडिएटर' हे नाटक आले. एडविन फॉरेस्ट या नटाने साकारलेल्या स्पार्टाकसला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. फॉरेस्टने ही भूमिका शेकडो वेळा केली. गुलामगिरीच्या राज्यात हे नाटक झाले तर आपल्याला तुरुंगात जावे लागेल, याची जाणीव बर्ड यांनी आपल्या खासगी लेखनात व्यक्त केली होती. तरीही गुलामगिरी कायम असलेल्या देशात गुलामांच्या बंडाला टाळ्या मिळाल्या. प्राचीन रोममधील गोरा गुलाम आणि शेजारच्या मळ्यावरील कृष्णवर्णीय गुलाम यांना प्रेक्षकांनी मनातल्या मनात वेगळे ठेवले. बंडखोराबद्दलची सहानुभूती सुरक्षित अंतरावरून फार स्वस्त पडते, असा या उदाहरणाचा बोध आहे.

हे अंतर कमी झाले की प्रतिक्रिया बदलते. साम्यवादी विचारांमुळे १९५० मध्ये तुरुंगवास भोगलेल्या हॉवर्ड फास्ट यांना १९५१ मध्ये 'स्पार्टाकस' ही कादंबरी स्वतःच प्रकाशित करावी लागली. तिच्यावरून स्टॅन्ली कुब्रिक यांनी दिग्दर्शित केलेल्या १९६० च्या चित्रपटात काळ्या यादीतील पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांचे नाव उघडपणे झळकले. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने चित्रपटगृहांबाहेर निदर्शने केली. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी ही निदर्शने ओलांडून चित्रपट पाहण्यास गेले. येथे चित्रपट पाहणे हीच एक राजकीय कृती ठरली.

दूरचित्रवाणी मालिका व चाहत्यांचा प्रतिसाद :

२०१० च्या जानेवारीत मालिका सुरू झाली तेव्हा समीक्षकांचा सूर प्रतिकूल होता. संथगतीने उडणारे रक्त, संगणकाने रचलेली आकाशे आणि उघडी लैंगिक दृश्ये यांमुळे २००६ मधील '३००' या चित्रपटाची ती नक्कल ठरविली गेली. पुढील भागांत पात्रे व कथानक यांची वीण घट्ट होत गेली आणि मत बदलत गेले. सुरुवातीला नाके मुरडणारे अनेक जण नियमित प्रेक्षक झाले. अलिपियसच्या हकीकतीशी असलेले याचे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

पहिल्या पर्वाची रचना या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. अनेक भागांत प्रेक्षक कापुआच्या आखाड्यातील लढती पाहतो. पडद्यावर ओरडणारी गर्दी आणि घरात बसलेला प्रेक्षक एकाच विजयाची वाट पाहत असतात. दहाव्या भागात मात्र ही एकरूपता तुटते. एका श्रीमंत रोमन मुलाच्या वाढदिवशी करमणुकीसाठी स्पार्टाकसला त्याचा जिवलग मित्र व्हॅरोशी लढविले जाते आणि तो मुलगा अंगठ्याच्या खुणेने मृत्यूचा कौल देतो. व्हॅरो हे पात्र कल्पित आहे; पण कर्जापायी स्वतःला तालमीला विकणारे स्वतंत्र नागरिक रोममध्ये खरोखरच होते. येथे वार तेच, रक्त तेच, तरीही पाहण्यातला आनंद नाहीसा होतो. खेळ ज्याच्या इच्छेविरुद्ध चालला आहे त्याची इच्छा या ठिकाणी प्रेक्षकाला प्रथमच ठळकपणे जाणवते.

तेराव्या, म्हणजे पर्वाच्या अखेरच्या भागात ग्लॅडिएटर मालकाच्या घरातच पाहुण्यांची कत्तल करतात. प्राचीन साधनांत अशा कत्तलीचा उल्लेख नाही. तेथे आहे ते केवळ पलायन. या कत्तलीत व्हॅरोची विधवा त्याच मुलाला ठार करते. चाहत्यांनी हा भाग मालिकेच्या शिखरस्थानांत गणला. ज्या मुलाच्या एका खुणेचा त्यांना तिटकारा आला होता, त्याच्या मृत्यूला त्यांनी मान्यता दिली. अन्यायाविरुद्धचा संताप आणि रक्ताची ओढ या दोन गोष्टी येथे इतक्या एकजीव झाल्या आहेत की त्या वेगळ्या करणे प्रेक्षकालाही कठीण व्हावे.

चाहत्यांच्या निष्ठेचे दुसरे कारण मालिकेबाहेर घडले. पहिल्या पर्वात स्पार्टाकसची भूमिका करणारे अँडी व्हिटफिल्ड यांना २०१० मध्ये कर्करोगाचे निदान झाले. त्यांच्या प्रकृतीची वाट पाहत असताना निर्मात्यांनी २०११ मध्ये पूर्वकथेचे सहा भाग केले. आजार उलटल्यावर भूमिका लियाम मॅकिन्टायर यांच्याकडे गेली आणि ११ सप्टेंबर २०११ रोजी व्हिटफिल्ड यांचे निधन झाले. त्यांच्या झुंजीवरील माहितीपट पूर्ण व्हावा म्हणून चाहत्यांनी वर्गणी दिली. २०१३ मधील अंतिम भागाच्या श्रेयनामावलीचा शेवट व्हिटफिल्ड यांच्याच दृश्याने करण्यात आला. पडद्यावरील पिळदार शरीर खऱ्या अर्थाने मर्त्य आहे, ही जाणीव चाहत्यांना शोकातून झाली. रोमन प्रेक्षकाला ही जाणीव डोळ्यांसमोर असूनही नाकारता येत होती.

ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. रोमन अधिकारी ग्लाबर हा स्पार्टाकसचा वैयक्तिक शत्रू असणे, पत्नीचे सुरा हे नाव, सीझरचा या युद्धातील सहभाग या बाबींना प्राचीन साधनांचा आधार नाही. उलट क्रिक्ससच्या स्मरणार्थ रोमन कैद्यांना लढविण्याचा प्रसंग अंतिम पर्वात आलेला आहे, आणि त्याचे मूळ साधनांत आहे. सापडू न शकलेल्या मृतदेहाचे स्पष्टीकरणही मालिकेने दिले: मरणोन्मुख स्पार्टाकसला साथीदार रणांगणाबाहेर नेतात व डोंगरात पुरतात. साधने जेथे मौन पाळतात, तेथे मालिकेने एक कबर कल्पिली. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षक अखेरपर्यंत थांबला, तो विजयासाठी नव्हे. पराभूतांना कोणीतरी सन्मानाने निरोप द्यावा, या अपेक्षेने. ही अपेक्षा इतिहासाला अगदीच परकी नाही.

निष्कर्ष :

१. ग्लॅडिएटरवरील प्रेम आणि त्याच्या माणूसपणाचा नकार हे रोमन आखाड्याचे दोन परस्परपूरक आधार होते. स्पार्टाकसच्या उठावाने ते एकमेकांवर आदळविले.

२. आधुनिक प्रेक्षक बंडखोराच्या बाजूने असला तरी तो त्याच्यापर्यंत आखाड्याच्या बैठकीवरूनच पोहोचतो. मालिकेच्या चाहत्यांना केवळ रक्तपिपासू म्हणणे किंवा केवळ स्वातंत्र्यप्रेमी म्हणणे, दोन्ही अपुरे आहे.

३. १८३१ चे उदाहरण दाखविते की प्राचीन गुलामाला मिळालेल्या टाळ्यांचा अर्थ समकालीन गुलामाला न्याय मिळाला असा होत नाही. प्रेक्षकाच्या सहानुभूतीची कसोटी त्याच्या स्वतःच्या काळात लागते.

४. मालिकेतील तपशिलांच्या चुका दाखविणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे प्राथमिक काम आहे. त्यापुढे जाऊन, विद्यार्थ्याला कोणत्या क्षणी आनंद झाला आणि कोणत्या क्षणी तो थांबला, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल. व्हॅरोच्या मृत्यूपाशी थांबलेला विद्यार्थी गुलामगिरीचा अर्थ आकडेवारीपेक्षा लवकर समजू शकतो. त्याच मुलाच्या हत्येला त्याने टाळी का दिली, हा प्रश्न त्याला सूडाच्या इतिहासाकडे नेतो.

स्पार्टाकसचा स्वतःचा शब्द काळाच्या ओघात हरवला. त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे शब्द मात्र भिंतींवरील कोरीव मजकुरापासून आजच्या चाहत्यांपर्यंत साचत आले आहेत. त्यांचा अभ्यास बंडखोराविषयी मर्यादित माहिती देईल. पण ज्या समाजांनी त्याला पाहिले, त्यांच्याविषयी तो पुष्कळ सांगू शकतो.